पिठाचं रिंगण : 'तुंबाड'ची उलटतपासणी

रविवार, १५ सप्टेंबर २०२४

परवा शुक्रवारी 'तुंबाड' हा हिंदी भयपट पुन्हा थिएटरात लागला आणि आम्ही चौघं पहिल्याच रात्री जाऊन आलो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणेपर्यंत उतरला होता. नंतर लॅपटॉपवर, मोबाइलवर, एकदा तर एसटीत बसून पाहिला. एसटीत बसून तो पाहणं म्हणजे लोणच्याच्या बरणीचा नुसता वास घेणं. परवा कळलं, अंधार किती प्रकारचा असतो ते.

बाहेर पडलो तर रस्त्यावर गणपतीचे ढोल. चहाच्या टपरीवर मास्तर म्हणाला, "सुंदर आहे, पण भाबडा आहे." पीठ्याने ग्लास खाली ठेवला. "भाबडा? कुठे?" मग रात्री दीडपर्यंत भांडण.

त्या भांडणाचाच हा प्रकल्प. आमच्या वाचनालयाला ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी तासाभराचा कार्यक्रम हवाच होता. ठरलं ते असं : आवडत्या चित्रपटाची उलटतपासणी. मास्तर वकील विरुद्ध बाजूचा, पीठ्या बाजूचा, अक्का न्यायाधीश. मी नोंदी ठेवणार, वेळ पाळणार, आणि खर्च माझ्या डोक्यावर.

(वहीत नोंद हवी म्हणून : मास्तर शाळेत इतिहास शिकवतो. पीठ्याच्या घरची पिठाची गिरणी आहे, नाव तिथूनच पडलं. अक्का आमच्यात थोरली, माहेर खेड तालुक्यातलं. तुंबाड नावाचं खरं गाव त्याच तालुक्यात, जगबुडीच्या बाजूला. त्यामुळे अक्काला या विषयात आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो.)

बुधवार, १८ सप्टेंबर

पहिली बैठक, पीठ्याच्या गिरणीच्या मागच्या खोलीत. कौतुकाची बाजू आधी मांडून घेतली. ती सोपी होती, अर्ध्या तासात झाली.

पीठ्याचे मुद्दे : पंकज कुमारचं छायाचित्रण. वाड्यातला कंदिलाचा उजेड भिंतीपर्यंत पोचतच नाही, मध्येच दमतो. आवाज : पावसाचा आवाज प्रत्येक दृश्यात वेगळा, कौलावरचा निराळा, चिखलातला निराळा, विहिरीत उतरल्यावर एकदम बंद. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी या तिन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं, ते उगाच नाही. पार्श्वसंगीत जेस्पर किड या डॅनिश संगीतकाराचं. व्हिडिओ गेमना संगीत देणारा माणूस कोकणातल्या वाड्याला चाल लावतो आणि ती बसते.

आणि चिकाटी. राही अनिल बर्वे यांनी पहिला खर्डा लिहिला १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. पुढे सातशे पानांचा चित्रफलक (स्टोरीबोर्ड) काढला. निर्माते आले, गेले. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा चित्रित केलं. खराखुरा पाऊस हवा म्हणून चार पावसाळे. मास्तर म्हणाला, "कष्ट हा गुण नाही. कष्ट मीही करतो, दहावीच्या पेपरांवर." अक्काने हा मुद्दा कामकाजातून काढून टाकला. मला वाटतं बरोबर केलं. चित्रपट कसा झाला याची गोष्ट इतकी रंगतदार आहे की चित्रपट कसा आहे हे बोलायचं राहून जातं.

ठराव : कार्यक्रमात निर्मितीकथेला फक्त तीन मिनिटं.

रविवार, २२ सप्टेंबर

आज मास्तरचं आरोपपत्र. चित्रपट घरी पुन्हा लावला, थांबवत थांबवत. जवळपास पावणेदोन तासांच्या चित्रपटाला साडेचार तास लागले.

पहिला आरोप चित्रपट सुरू होण्याआधीचाच. पडद्यावर गांधीजींच्या नावाचं ते प्रसिद्ध वचन येतं, गरज आणि लोभ यांच्याबद्दलचं. मास्तर म्हणाला, "निबंधाच्या सुरुवातीला सुविचार लिहिणाऱ्या पोराचे मी गुण कापतो." त्याचं म्हणणं, प्रेक्षकाला आत शिरायच्या आधीच तात्पर्य हातात दिलं. आता पुढचा सगळा वेळ तो तात्पर्याशी ताळा करत बसणार.

दुसरा आरोप त्याच्या लगेच मागचा. नायक विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, हस्तरची कथा सांगतो आणि आपण ती ऐकतो. पूर्तीची देवी, तिची सोळा कोटी लेकरं, सगळ्यांत थोरलं आणि लाडकं हस्तर. त्याने आईचं सोनं सगळं घेतलं, धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, आपल्या पोटात ठेवलं, पण अटीवर : तुझी पूजा कधी होणार नाही. मास्तरचं म्हणणं, हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायची काय गरज? लहानपणीच्या विनायकासारखंच आपल्यालाही वाड्यात सोडायचं, काही न सांगता. भीती माहीत नसण्यातून येते.

पीठ्या : "उलट. मला आधी कळलं म्हणून मी पिठाकडे बघत राहिलो. नाहीतर मी सोन्याकडे बघितलं असतं."

हे वाक्य मी खाली रेघ मारून ठेवलंय. तेव्हा त्याला स्वतःलाही कळलं नाही तो काय बोलला. (ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : विनायक वाड्यातल्या विहिरीच्या तळाशी उतरतो, पिठाचं रिंगण काढून त्यात उभा राहतो, कणकेच्या बाहुलीने भुकेल्या हस्तरला भुलवतो आणि त्याच्या लंगोटीतलं सोनं काढतो. पीठ ओलांडून हस्तर येऊ शकत नाही.)

तिसरा आरोप अक्काने केला, न्यायाधीश असून. भाषेचा. कोकणातलं ब्राह्मणाचं घर, आळवणात असावी तशी विझलेली आई, ओसरी, माजघर, आणि बोलतात सगळे हिंदी. नावं सदाशिव, विनायक, पांडुरंग. "कोकणात आजीला कोण दादी म्हणतं रे?" हिंदीत काढला तर देशभर जाईल हे व्यवहाराचं गणित तिला कळतं. तरी ती म्हणाली की पोराला दटावायचं ते वाक्य हिंदीत आलं की ते संवाद होतं. मग तिने स्वतः म्हणून दाखवलं, आवाज खाली घेऊन, आमच्या आयांनी बागुलबुवाचं नाव घ्यावं तसं : "नीज हो, नाहीतर हस्तर येईल." गिरणी बंद होती. कोणी काही बोललं नाही थोडा वेळ.

हे कार्यक्रमात ठेवायचं. दिवे घालवून.

गुरुवार, २६ सप्टेंबर

पाऊस असा की बैठक रद्द. फोनवरच बोललो.

मास्तरला आज काहीतरी सापडलं आणि तो हर्षभरित. चित्रपटाचा पहिला भाग १९१८ मधला. तुंबाडात पाऊस थांबत नाही, कारण हस्तरचं देऊळ बांधल्याचा देवांना राग आला. आणि खऱ्या १९१८ मध्ये? देशाच्या मोठ्या भागात मान्सूनने दगा दिला होता. मुंबई इलाख्यात पिकं गेली, धान्य महागलं, आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची लाट आली. लाखो माणसं गेली. "आणि तुमचा दिग्दर्शक त्याच साली धो धो पाऊस पाडतो!" मास्तर म्हणाला. "ही चूक मी पहिल्या क्रमांकावर घेणार."

मी अक्काला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "मग तर शाप खराच म्हणायचा. अख्खा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसलाय आणि एकाच गावात पाऊस थांबत नाही. आणि तिथेही माणसं उपाशीच."

मास्तरला हे कळवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग एकच शब्द आला : "हरलो."

लिहिणाऱ्यांच्या डोक्यात १९१८ चा दुष्काळ होता की नव्हता, याच्याशी मला घेणं नाही. साल पडद्यावर लिहिलंय, तेव्हा त्या सालाचं ओझं चित्रपटावर आलंच.

रविवार, २९ सप्टेंबर

सासवडची फेरी. वाड्याची बरीच दृश्यं सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यातली, म्हणून बाहेरून तरी पाहून यायचं ठरलं. दोन गाड्या, चौघं. दिवे घाट हिरवागार, खाली मस्तानी तलाव भरलेला. घाट चढून वर गेलो आणि आभाळ मोकळं झालं. सासवडात ऊन.

पीठ्या हसायला लागला. पुरंदर म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. इथे अंजीर आणि सीताफळ पिकतं ते पाऊस बेताचा म्हणून. आणि जिथे पाऊस कधीच थांबत नाही ते तुंबाड यांनी उभं केलं कऱ्हेकाठी! कोकणातलं गाव दाखवायला घाटमाथा ओलांडून देशावर आले.

हा आरोप की प्रशंसा, यावर परतताना वाद. अक्काचं म्हणणं, कोकणातलं घर असं नसतं. आमच्याकडे अंगण, पडवी, उतरतं कौल, माडाची सावली. एवढा दगडी चिरेबंदी पसारा, उंच तट, हे सरदारी काम, देशावरचं. तिला सुरुवातीपासून ते घर परकं वाटत होतं आणि कारण सापडत नव्हतं. आज सापडलं.

मास्तर अनपेक्षितपणे बचावाला आला. "सरकार म्हणजे त्या वाड्याचा म्हातारा मालक. त्याच्या घराण्याने चोरून देऊळ बांधलं, गावाने वाळीत टाकल्यासारखं केलं. ते घर गावापेक्षा वेगळंच दिसायला हवं ना?" अक्का म्हणाली, "ही पळवाट झाली." मग लगेच, "पण बरी आहे."

दाराबाहेर उभं राहून मी दोन फोटो काढले. कार्यक्रमात वापरायचे. पडद्यावरचा वाडा आणि उन्हातला वाडा यात इतकं अंतर आहे की कलादिग्दर्शनावर वेगळं बोलावंच लागणार नाही.

पेट्रोल ३०० रुपये, भेळ १६०.

बुधवार, २ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. सुट्टी होती म्हणून अक्काने जेवायला बोलावलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळू. आधी गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. कावळा येईना. अक्का तिथेच उभी, पदर खोचून, आभाळाकडे बघत. पंधरा-वीस मिनिटांनी एक आला, वडा उचलून गेला, तेव्हा ती खाली आली आणि आमची पानं घेतली.

जेवताना विषय म्हातारीचा निघाला. पहिल्या भागात आई धाकट्याला घेऊन वैद्याकडे जाते आणि विनायकवर एकच काम सोपवते : आजीला भरव. साखळीने बांधलेली, हस्तरच्या स्पर्शाने मरणही न येणारी ती म्हातारी. तो प्रसंग म्हणजे चित्रपटातली सगळ्यांत भीतिदायक दहा मिनिटं. या धाग्याचं मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत, आणि तिच्यामागे स्टीफन किंगची 'ग्रॅमा'. धारप आम्ही सगळ्यांनीच पांघरुणात बॅटरी लावून वाचलेत, त्यामुळे यावर फार बोलावं लागलं नाही.

बोललो ते भलत्याच गोष्टीवर. अक्का वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही सगळे लोभ लोभ करताय. त्या सिनेमात लोभी एकच, विनायक. बाकी सगळे भुकेले आहेत."

मास्तरचा घास हातात राहिला.

ती पुढे म्हणाली, "हस्तरच्या लंगोटीत सोनंच सोनं. त्याला ते नकोय. त्याला कणकेची बाहुली हवी. म्हातारीला काय हवंय? जेवण. ती आई त्या सरकारकडे वर्षानुवर्षं राबते ती कशासाठी? एक मोहोर मिळाली की पोरांना घेऊन पुण्याला जाईन, दोन वेळचं खाईन, म्हणून. आणि तुमचा चित्रपट वर पाटी लावतो लोभाची."

हे ऐकून मला पीठ्याचं ते रेघ मारलेलं वाक्य आठवलं. पिठाकडे बघत राहिलो.

मराठीत एक शब्द आहे, वखवख. तो भुकेलाही चालतो, हावेलाही. वखवखलेला माणूस अन्नावर तुटून पडतो, तसाच पैशावरही. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते हा शब्द सांगत नाही. 'तुंबाड' उत्तम आहे तो नेमका त्या न सांगण्याच्या जागेत. विहिरीच्या तळाशी, त्या मांसासारख्या लाल भिंतींमध्ये, हस्तर झडप घालतो तेव्हा मला त्याची भीती वाटते आणि त्याच क्षणी कीवही येते. लाडकं लेकरू, आईच्या पोटात, उपाशी. आणि सुरुवातीची पाटी मला सांगते की कीव करू नकोस, हा लोभी आहे.

कार्यक्रमाचा सांगाडा बदलला. आता गुणांची यादी, दोषांची यादी नाही. एकच खटला : 'तुंबाड'ने स्वतःबद्दल खोटी साक्ष दिली.

जाता जाता पीठ्याने अजून एक गाठ सोडवली. शेवटी पोराच्या डोक्यातून निघतं की एक बाहुली कशाला, खूप बाहुल्या नेऊ आणि लंगोटीच पळवू. आणि खाली उतरल्यावर जितक्या बाहुल्या तितके हस्तर. मास्तरचा हा हुकमी आरोप होता : हस्तर एकच, तर इतके आले कुठून? नियम मोडला. पीठ्या हात धुता धुता म्हणाला, "जितकी पानं वाढाल तितके जेवणारे येतात. आज सकाळी नाही का, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा."

अक्काने त्याला अजून एक वाटी खीर दिली.

रविवार, ६ ऑक्टोबर

प्रयोगशाळा. म्हणजे गिरणी.

मंचावर पिठाचं रिंगण काढायचं, त्यात उभं राहून पीठ्या बोलणार. आरोपी बाहेर, बचाव आत. रिंगण सहा फूट व्यासाचं म्हणजे परीघ जवळपास एकोणीस फूट. गव्हाच्या पिठाने काढून पाहिलं. चिमटीतून नीट सुटत नाही, गोळे पडतात, रेघ तुटते. तांदळाचं पीठ रांगोळीसारखं धावतं. सव्वा किलोत जाड रेघ पूर्ण झाली.

मग मास्तरने तांब्याभर पाणी रेघेजवळ शिंपडलं. "तुंबाडात बारा महिने पाऊस. विहिरीच्या तळाशी ओल. हे रिंगण टिकतं कसं?" पीठ्या म्हणाला, "देवीच्या पोटात पाऊस पडत नाही." "ओल असते." "ओल असली तर पीठ उलट चिकटून बसतं, उडत नाही." इथे मला दोघांचंही पटलं आणि मी काहीच लिहिलं नाही. आता लिहितेय.

बाहुली पीठ्याच्या आईने करून दिली. आमच्या तीन बाहुल्या रात्रीत तडकल्या होत्या. काकू म्हणाल्या, "सैल मळलीत. पुरीच्या कणकेसारखी घट्ट हवी, आणि वरून तेलाचा हात. दिवे कधी केले नाहीत का घरी?" त्यांनी दहा मिनिटांत एक केली, हात-पाय नीट, डोकं जरा मोठं. मग विचारलं, "कशाला हवी?" पीठ्याने अख्खी कथा सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आणि त्याची बायको?"

काय उत्तर देणार? अनिता दाते यांनी केलेली ती बायको आहे चित्रपटात, चेहऱ्यावर सगळं कळलेलं असतं तिच्या. पण चौदा वर्षं नवरा पुण्याहून तुंबाडला जातो, येतो, घरात पैसा येतो, दुसरी बाई येते, आणि हिला काय वाटतं हे चित्रपट धड विचारत नाही. पहिल्या भागातली आई किती भरीव आहे! तिच्या एका वचनाच्या अटीवर पुढची सगळी गोष्ट उभी. मग पुढच्या दोन भागांतून बायका मागे मागे सरकत जातात. पीठ्यासुद्धा याचा बचाव करू शकला नाही. काकूंचा प्रश्न जसाच्या तसा कार्यक्रमात.

गुरुवार, १० ऑक्टोबर

तालीम एक. एक तासाचा कार्यक्रम एक तास पन्नास मिनिटं चालला. मास्तर एकटाच पस्तीस मिनिटं. हस्तर हे नाव कुठल्याही पुराणात नाही आणि पाश्चात्त्य भयकथांत हस्तूर नावाचा देव अँब्रोज बिअर्सपासून लव्हक्राफ्टपर्यंत फिरत आलाय, यावरच त्याने नऊ मिनिटं घेतली. कापलं. शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं, कथा नाही, हे एका वाक्यात. दिग्दर्शक म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव, हे अर्ध्या वाक्यात. कापताना मास्तरचं तोंड पाहण्यासारखं होतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. 'तुंबाड' पहिल्यांदा लागला त्याला आज बरोबर सहा वर्षं. संध्याकाळी सगळे अक्काकडे. आपट्याची पानं देताना पीठ्या विनायकासारखा डोळे बारीक करून म्हणाला, "सोनं घ्या." अक्का : "खालून आणलंस का?"

तालीम दोन. बहात्तर मिनिटं.

आजचं भांडण शेवटावर. विनायक शापित होऊन वर येतो, हातात ती लंगोटी, आणि पोरापुढे धरतो. पोरगा घेत नाही. बापाला पेटवतो. मास्तरचं म्हणणं, पांडुरंग इतका लवकर कसा सुधारला? जो मुलगा बापापेक्षा वरचढ हाव दाखवतो, तो दोन मिनिटांत नकार देतो. पाटी खरी करायची म्हणून लेखकांनी त्याला ओढून आणलं.

पीठ्याने माहिती काढलेली ती आज उपयोगी पडली. शापित आजीचं काम आणि पांडुरंगाचं काम एकाच मुलाने केलंय, मोहम्मद समदने. आजीला तासन्‌तासाच्या मेकअपखाली तोच. "म्हणजे एकाच चेहऱ्याने एकदा भूक दाखवलीय आणि एकदा नकार," पीठ्या म्हणाला. मास्तर म्हणाला, हे प्रेक्षकाला दिसत नाही, तर मोजायचं कसं? खरं आहे. पण मला ते कळल्यापासून शेवट वेगळाच दिसतो. आजीला मुक्त करायला विनायकाने जे केलं तेच पोराने बापासाठी केलं, झोपवण्याचं तेच वाक्य म्हणत. त्यात सुधारणा वगैरे काही नाही. म्हातारीला भरवायचं काम होतं, ते संपवलं.

अक्काने निकाल राखून ठेवला. कार्यक्रमाच्या दिवशीच देणार म्हणाली. आम्हाला ठाऊक नाही ही मोठी गैरसोय.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कोजागिरी. दूध उतू गेलं, तालीम झाली नाही. नव्याने लागलेल्या खेळांनी पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवल्याचं सगळीकडे आहे. दुसरा भाग येणार हेही जाहीर झालंय, पण बर्व्यांशिवाय. यावर बोलायचं की नाही? नाही. जो चित्रपट अजून नाही त्याची उलटतपासणी कशी घेणार? आणि पीठ्या रडेल.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सभागृह पाहून आलो. पंखे फार जोरात. रिंगण काढलं आणि पंखा लावला तर दोन मिनिटांत रेघ पुसट. पंखे बंद ठेवावे लागतील. शिपाईमामा आधीच म्हणाले, "पीठ सांडाल, झाडणार कोण?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "लिहून द्या." लिहून दिलं.

चित्रपटाचे तुकडे दाखवायचे नाहीत हे पक्कं. परवानगीचा प्रश्न आहेच, पण दाखवले की लोक तेच बघणार.

रविवार, २० ऑक्टोबर

झाला.

खुर्च्या साठ, माणसं ऐंशीच्या वर. मागे लोक उभे. पंखे बंद. पंधरा मिनिटांत सगळे घामाघूम, एक आजोबा छत्रीने वारा घेत होते. दिवे घालवून अक्काने ते झोपवण्याचं वाक्य मराठीत म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतलं एक पोरगं रडायला लागलं. त्याच्या आईची मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे, तो कशालाही रडतो."

१९१८ चा दुष्काळ मास्तरने स्वतः सांगितला आणि स्वतःच हरला, टाळ्या त्यालाच. काकूंचा प्रश्न मी वाचला : आणि त्याची बायको? सभागृहातल्या बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. पीठ्या रिंगणात उभा होता. तो म्हणाला, "यावर बचाव नाही," आणि एक पाऊल रिंगणाबाहेर टाकलं. हे ठरलेलं नव्हतं.

प्रश्नोत्तरात एका बाईंनी विचारलं, भूक म्हणता तर विनायकाची भूक कुठली? तो सरकारचाच मुलगा, पण घरातला नव्हे. मास्तर काही बोलायच्या आत पीठ्या म्हणाला, "त्याला हिस्सा हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून तो मोजत राहिला." बाई म्हणाल्या, "माझ्या दिरांसारखं." पुढचा प्रश्न आला नाही, सगळे हसत होते.

अक्काचा निकाल : चित्रपटावर खोट्या साक्षीचा आरोप सिद्ध. शिक्षा : पुढच्या वेळी पाहताना सुरुवातीची पाटी येईल तेव्हा डोळे मिटायचे, आणि उघडायचे ते थेट पावसावर. बाकी निर्दोष. भाषेच्या आरोपावर तिने न्यायाधीशाची वैयक्तिक नाराजी नोंदवली आणि ती कायम आहे असं वर सांगितलं.

एक तास अकरा मिनिटं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

हिशेब. सभागृह विनामूल्य. चहा ८४ कप, ८४० रुपये. सासवड ४६०. बाहुल्यांचं आणि रिंगणाचं पीठ पीठ्याकडून, पैसे घेत नाही म्हणतो. मास्तर म्हणाला, गिरणीवाल्याला पिठाचे पैसे देणं आणि हस्तरला सोनं देणं सारखंच. एकूण १,३०० रुपये, चौघांत ३२५.

लिहून दिल्याप्रमाणे सकाळी सातला झाडायला गेले. मामा आधीच आले होते. रिंगण जागच्या जागी होतं, फक्त दारापासून मंचापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली आणि काकूंच्या बाहुलीचा उजवा हात गेलेला. मी केरसुणी उचलली. मामा म्हणाले, "राहू द्या तासभर. खाऊ द्या त्यांना, मग झाडा."